आईच्या तसबिरीत मावशी

मास्तर, तुम्हाला चित्र येत नव्हतं. हे तुम्ही जिवंत असताना कोणीतरी तोंडावर सांगायला पाहिजे होतं, पण राळेगावात चित्र येणारा दुसरा कोणी नव्हताच, मग सांगणार कोण. दुकानांच्या पाट्या तुम्ही रंगवायचे, शाळेतून रिटायर झाल्यावर संध्याकाळचा ड्रॉइंगचा क्लास तुम्ही घ्यायचे, आणि कोणी मेलं की त्याची भिंतीवर लावायची तसबीरही तुम्हीच करायचे. मेलेल्याला तुम्ही कोट घालायचे. ज्यानं जन्मात सदऱ्याचं वरचं बटण लावलं नाही त्याला तुमच्या हातून कोट, टाय आणि तेल लावलेला भांग मिळायचा. बायकांना ठरलेली एक काठाची साडी. डोळे तर सगळ्यांना सारखेच, दुकानात जाऊन आणल्यासारखे. आजही मी कोणाच्या घरी पाणी प्यायला थांबलो की वर बघतो आणि ओळखतो, हे तुमचं काम. आपल्या तालुक्यातल्या भिंतींवरून एकच माणूस बघत असतो, कुठे मिशी लावून, कुठे पदर घेऊन.

क्लास जिनिंग कारखान्याच्या ऑफिसात भरायचा. मी आलो त्या वर्षी कापसाला कोणी विचारत नव्हतं, जिन अर्धा वेळ बंद असायचा, म्हणून मालकानं ती खोली तुम्हाला वापरायला दिली होती. रुईचे तंतू तरी हवेत फिरतच असायचे. शीटवर येऊन बसायचे आणि पेन्सिल फिरवली की रेघेला केस फुटायचे. तुम्ही म्हणायचे हात स्वच्छ ठेवा. हाताचा काय संबंध? बाकीची पोरं एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणारी, मी दहावी नापास, दिवसभर सायकलवर इकडून तिकडे भटकणारा. मी कशासाठी आलो ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला आई काढायची आहे. मी दुसरीत असताना ती गेली. घरात तिचा फोटो म्हणाल तर एका लग्नातला, बायकांच्या घोळक्यातला, आणि फोटोवाल्यानं खटका दाबला तेव्हा नेमकी ती मला गप्प करायला वळलेली. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका फराटा. तिचा चेहरा मला तेव्हा आठवत होता, पण पातळ होत चालला होता. आधी कान गेले, मग कपाळ. सगळा जायच्या आत मला हात शिकून घ्यायचा होता, एवढंच माझं काम होतं तुमच्याकडे. तुम्ही चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "पयले लोटा काढ बे. तुही माय काई पळून नाही चालली."

चाललीच होती, मास्तर.

मग लोटा. लोट्यानंतर वांगं. वांग्याला तुम्ही एक चकाकी द्यायला लावायचे, कायम डाव्या बाजूला, खिडकी उजवीकडे असली तरी. एकदा मी तसं म्हणालो तर तुम्ही पट्टी माझ्या बोटांवर ठेवली, मारली नाही, नुसती ठेवली, आणि सगळ्या पोरांना सांगितलं की हे साहेब सूर्याची जागा ठरवून राह्यले. पोरं हसली. मीही हसलो, मला हसू लवकर येतं. पुढे झरीकडे एका भिंतीवर मला वाघ काढायचं काम मिळालं, तेव्हा सवयीनं त्या वाघालाही वांग्यासारखी चकाकी गेली. तिथल्या एका म्हातारीनं बघितलं आणि विचारलं, हा ओला काहून हाये. असो, मी वाघाचं सांगायला बसलो नाही.

तुमचा खरा प्रताप म्हणजे स्मरणचित्र. परीक्षेत तो पेपर असतो, आठवून काढायचं चित्र. तुमच्याकडे ते पाठ करायचं असायचं. तुमच्या पेटीत छापील कार्डं होती. घागर घेतलेली बाई, छत्रीवाला माणूस, एका बाजूनं दिसणारी बैलगाडी जिचं चाक कंपासनं काढायचं. विषय कोणताही येवो, हेच तिघं हजर. एकदा तुम्ही बाजाराचा दिवस हा विषय दिला आणि बैलगाडीचं कार्ड भिंतीला टाचलं. आणि खिडकीबाहेर, मास्तर, अगदी खिडकीबाहेर, कापसाच्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या. खरेदी बंद होती, लोक गाडीशीच राहायचे, तिथेच भाकर खायचे. एक माणूस गाडीखाली दुपट्टा तोंडावर घेऊन झोपला होता आणि त्याचा बैल त्याच्या पायाशी उभा राहून रवंथ करत होता. मी तेच काढलं. चाक वाकडं आलं, पण ते चाक वाकडंच होतं. तुम्ही मागून येऊन विचारलं, हा मेला का. मी म्हणालो, झोपला आहे. तुम्ही म्हणाले परीक्षेत झोपलेला माणूस चालत नाही, खोड. मग जाऊन खिडकी लावून घेतली, उजेड तिरपा येतो म्हणून. बंद खोलीत आम्ही सगळ्यांनी तुमची बैलगाडी काढली. त्या दिवसापासून मला तुमची किळस आली, ती काही गेली नाही.

तरी मी येत राहिलो, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. मी पुन्हा पुन्हा आईचं काढायचो तेव्हा शेवटी वैतागून तुम्ही विचारलं, घरात तिच्यासारखं कोणी दिसतं का. फोटो नसला की तुम्ही हेच करायचे हे मला नंतर कळलं. मेलेल्याचा भाऊ बसवायचा, बहीण बसवायची, आणि त्यावरून तसबीर करायची. लोक खूशही व्हायचे. आमच्याकडे आईची धाकटी बहीण होती. आई गेल्यावर आमच्या भाकरी थापायला म्हणून आली ती राहिलीच. मी तिला घेऊन आलो. ती दारातच थांबली.

"मी जित्ती आहो नं बाप्पा," ती म्हणाली. "माह्याच फोटोले हार घालसान काय?"

"तुमचा नाही बाई, तुमच्या बहिणीचा. तुम्ही नुसत्या बसा."

"बसून तं मीच राह्यली."

पण बसली, माझ्यासाठी. तुम्ही तिच्या हातातली चहाची बशी काढून घेतली, कारण तसबीर छातीपर्यंतच असते. मी मागे उभा राहून सांगत होतो की आईचे वरचे दात जरा पुढे होते, तिचे ओठ कधी पूर्ण मिटायचे नाहीत, झोपेतही नाही. तुम्ही मान वळवली नाही. तसबिरीत दात दाखवत नसतात म्हणाले, बाई येडी दिसते. आणि ओठ मिटवून टाकले. गंमत बघा, आयुष्यात बहुतेक एकदाच तुम्ही समोर बघून काढलं आणि एकदाच सारखं आलं. हुबेहूब मावशी. ते दुकानी डोळे त्याच दिवशी कुठे संपले होते तुमचे?

मी म्हणणार होतो की हे नको, हे फाडा. पण तसबीर घरी आली तेव्हा बाप ओट्यावर बसला होता. जिनात हमाली करायचा, जिन बंद म्हणून घरीच. त्यानं काच आपल्या बाहीनं पुसली, खूप वेळ बघितलं, आणि म्हणाला, "हो. अशीच होती." आई गेली तेव्हा जो माणूस रडला नव्हता तो त्या काचेपुढे रडला. आता त्याला मी काय सांगू? मावशी स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती. दर वर्षी आईच्या दिवसाला आम्ही तिथे मेणबत्ती लावतो, फुलं वाहतो, आणि मावशी खाली बसून खीर वाढते, वर स्वतःच. पाहुणे आले की म्हणते, "मी मेल्यावर फोटोचा खर्च नाही या लोकायले, तयारच लटकून राह्यला." सगळे हसतात. मी जेवण टाकून बाहेर जायचो. मग तालुक्याबाहेर जायला लागलो. ट्रॉल्या रंगवल्या, शटरं रंगवली, कुठे टिकलो नाही. दात पुढे होते हे मी अजून सांगू शकतो, पण ते नुसतं सांगणं झालं. डोळे मिटले की मावशी दिसते, चाळिशीतली, ओठ मिटलेली. तुम्ही माझ्या आईवर रंगाचा हात मारला, मास्तर, पाटीवर मारतात तसा, आणि वर दुसरं नाव लिहिलं.

गेल्या आठवड्यात मुकुटबनला एका दुकानाचं शटर करत होतो. प्रायमर वाळेपर्यंत काम नव्हतं म्हणून खोक्याच्या पुठ्ठ्यावर आई काढायला बसलो. दरवर्षी एकदा तरी बसतो. ओठांपासून सुरुवात केली, उघडे ठेवले, आणि तरी नाकाशी पोचेपर्यंत मावशी आली. पुठ्ठा उलटा केला आणि चहा येईपर्यंत हात नुसता चालू ठेवला. तुम्ही आलात. चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली, खालचा ओठ लोंबता, कानातले केस, काहीतरी हिणवायच्या आधी भुवई जरा वर जाते ती. कुठे अडलो नाही, खोडलं नाही. चहावाल्या पोरानं विचारलं, तुमचे वडील का. मी नाही म्हणालो. आईला मी किती बघितलं असेन? लेकरू आईकडे बघतं का कधी, ती असतेच. तुमच्याकडे मात्र मी हिवाळाभर रोज संध्याकाळी बघत बसलो होतो, रागानं, दात खात, पण बघत. तेवढं बघून मी दुसरं कोणालाच काढलेलं नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं, तुम्ही माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढत बसले असते. पुठ्ठा फाडायला घेतला होता. फाडला नाही, पिशवीत आहे. चित्र चांगलं आलंय, मास्तर. तुम्हाला असं आलं नसतं.