भोंगा झाल्यावर

येलहंका,
४ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

रविवारपासून फोन करते आहे. तुम्ही ‘जेवलीस का?’ एवढंच विचारता आणि ठेवून देता. समोर यायचं धाडस होत नाही, म्हणून शहराच्या या टोकाहून त्या टोकाला पत्र.

परवा प्रयोग संपल्यावर मला न भेटता तुम्ही तुमच्या ज्येष्ठ मंडळातल्या शेषगिरीकाकांच्या गाडीत बसून निघून गेलात. बरोबरच केलंत. ऑपेरा म्हटला की राजेराण्या आणि मखमली पडदे, हे मला मोडायचं होतं. ही कला या शहरात जगायची तर तिने इथल्या माणसांचं गायला हवं. म्हणून बोम्मसंद्र्यातली बंद कारखान्याची शेड घेतली आणि कारखाना बंद पडल्याचीच गोष्ट मराठीत गाऊन सांगायची ठरवली. इथवर माझं चुकलं असं अजूनही वाटत नाही. पण गोष्टीला एक माणूस हवा होता आणि मी न विचारता तुम्हाला उचललं.

कंपनीने कामावरून कमी केल्यावर कित्येक महिने तुम्ही रोज डबा घेऊन निघायचात आणि संध्याकाळपर्यंत बागेतल्या बाकावर बसायचात. आईला ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी शिकायला परदेशी निघाले तेव्हा विमानतळावर मला एकटीला सांगितलंत. जेवणाच्या वेळेला कंपनीचा भोंगा कानात वाजल्यासारखा वाटायचा, मग उठून नळावर हात धुवायचे आणि डबा उघडायचा, हेही सांगितलंत. ते सगळं मी जसंच्या तसं ऑपेराच्या नायकाच्या, सुमंतच्या प्रवेशात घातलं. भोंगा झाला, सुमंत बाकावरून उठला, हात धुतले आणि सगळी शेड हसली. तुमच्या मंडळाची रांग तर सगळ्यांत आधी! मी दिव्यांच्या यंत्रापाशी उभी होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. माझ्या बापाचं मी भर लोकांत हसं केलं.

त्याहून वाईट म्हणजे लोक त्याच प्रवेशाचं कौतुक करतायत. एवढ्या गंभीर गोष्टीत जरा विरंगुळा आहे म्हणे. शनिवारी पुढचा प्रयोग आहे. तो प्रवेश मी काढून टाकते. तुम्ही म्हणाल तर प्रयोगच रद्द करते.

हवं तेवढं रागवा, पण लोभ तोडू नका.

आपली,
शाल्मली


बसवनगुडी,
६ फेब्रुवारी २०२५

चि. शाल्मलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. परदेशात शिकून आलीस तरी वेलांट्या अजून वाटेल तिकडे जातात. इकडे सर्व ठीक. शेषगिरी तुझ्या शेडमधल्या खुर्च्यांना अजून शिव्या देतो आहे. कंबर धरली म्हणतो.

आता मुद्द्याचं. मंडळाची रांग आधी हसली हे तू बरोबर पाहिलंस. त्या रांगेत पहिला कोण हसला ते तुला दिसलं नसेल. पहिला मी हसलो.

भोंगा झाला. एका हाताला शेषगिरी, दुसऱ्या हाताला मंडळातले आपले आप्पाजी. वाटलं, आता हे दोघे वळून माझ्याकडे बघणार आणि ओळखणार. ते वळायच्या आत मी हसलो, चांगला मोठ्याने. मग आप्पाजी हसले, मग रांग, मग सगळेच. गाणं कसं होतं ते मला माहीत नाही. हसायच्या नादात मी ते ऐकलंच नाही. मुलीने इतकी वर्षं घासून केलेल्या कामाची मी एका क्षणात माती केली, आणि तीही माझी अब्रू वाचवायला. गाडीत जाऊन बसलो तो रागाने नव्हे. तुला तोंड दाखवायची लाज वाटली.

न विचारता घेतलंस ते लागलं, खोटं कशाला बोलू. पण तो प्रवेश काढू नकोस. काढलास तर मला दुसऱ्यांदा कमी केल्यासारखं होईल. शनिवारी मी शेषगिरीला घेऊन येतो. एकच नाटक दोनदा कशाला, असं तो विचारत होता. त्याला अजून काही बोललेलो नाही. बोलणं जमेल असं वाटत नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. म्हाताऱ्यावर माया असू दे.

तुझा,
बाबा


येलहंका,
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

काल प्रयोगानंतर तुमच्याभोवती इतकी माणसं होती की मला जवळ येता आलं नाही. खरं तर आले नाही. कारण लिहिते.

भोंगा झाला, सुमंत उठला आणि मागच्या रांगांत हसू फुटलं. काल तुम्ही हसला नव्हतात, तरी फुटलं. तेव्हा पहिल्या दिवसाचं सगळं पाप एकट्याच्या माथी घेऊ नका. माझा प्रवेशही कच्चाच होता. मग तुम्ही उभे राहिलात, सुमंतच्या बरोबर समोर. मागून लोक कानडीत, हिंदीत बसा बसा म्हणून ओरडायला लागले. तुम्ही वळलात आणि त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिलात. शेषगिरीकाकांनी तुमचा सदरा ओढला, तुमच्याकडे पाहिलं आणि सोडून दिला. हळूहळू सगळं शांत झालं. लोक एकदा सुमंतकडे बघत होते, एकदा तुमच्याकडे. गाणं संपेपर्यंत तुम्ही बसला नाहीत. काकांनी तोंड ओंजळीत झाकून घेतलं होतं.

सगळे म्हणतायत, काय सुंदर कल्पना, बाईंनी प्रेक्षकांतून माणूस उभा केला. मी अजून कोणाला खरं सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही उठलात तेव्हा सुमंतच्या अंगावरचा झोत तुमच्या डोक्याने अडला. इतके महिने जुळवलेलं माझं चित्र मोडलं. अंधारात मी तुम्हाला ओळखलं नाही असं म्हणता आलं असतं, पण मी ओळखलं होतं. ओळखूनच मी शेजारच्या मुलीला म्हणाले, त्या म्हाताऱ्याला कोणीतरी खाली बसवा.

लोभ मागायला तोंड नाही. तरी मागते.

आपली,
शाल्मली