ऑरिनचे विमान कोणाला, आणि कोणत्या अटीवर

मी, व्हर्ना हॅल्व्हरसन, कै. ऑरिन हॅल्व्हरसन यांची पत्नी, वय ७४, राहणार टर्न लेक, अलास्का, पूर्ण शुद्धीवर आहे, चष्मा लावलेला आहे आणि पुढील मजकूर कोणीही न शिकवता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. ऑरिन होता तोवर गरज वाटली नाही. तो मागच्या हिवाळ्यात गेला.

१. घर, तळ्यावरचा धक्का, मासे धुरी देऊन सुकवायची खोली आणि बँकेतील शिल्लक माझी मुलगी सिग्ने हिला मिळावी. शेजारी ड्वेन प्रूइट यांनी ‘दोन दिवसांसाठी’ म्हणून आमच्या धक्क्याला बांधलेली नाव बरीच वर्षे तेथेच आहे. ती मी प्रूइट यांनाच देत आहे. त्यांनी ती घेऊन जावी.

२. ऑरिनचे विमानदुरुस्तीचे पाने व इतर हत्यारे मार्था एव्हन यांना. त्या ऑरिनच्या विद्यार्थिनी. आज त्याच्या जागी वैमानिकांची परीक्षा त्याच घेतात.

३. तळ्यावर उतरणारे आमचे छोटे विमान. याबाबत थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

हे विमान ऑरिन आणि त्याचा लहानपणापासूनचा मित्र लाइल टॅन्सी यांनी मोडक्या सांगाड्यापासून उभे केले. ऑरिन तेव्हा परीक्षक होता. लाइल परवान्याच्या परीक्षेला आला, तेव्हा तो पास होणारच, असे गावाने आधीच धरून ठेवले होते. तोंडी परीक्षा आमच्याच स्वयंपाकघरात झाली. ऑरिन म्हणाला, “मी, व्हर्ना आणि मूस हरणाची एक तंगडी घेऊन तळ्यावरून उठायचंय. वजनाचा हिशोब मांड.” लाइलने हिशोब मांडला. मी तेथेच कॉफी ओतत होते.

“हा व्हर्नाचा आकडा कुठून आणलास?”

“भिंतीवरच्या फोटोवरून.”

“तो लग्नातला आहे. ती समोर उभी आहे, विचारलंस का तिला?”

“वहिनीला वजन विचारू? माझ्या आईनं असलं शिकवलं नाही मला.”

“मग आईलाच घेऊन उड. नापास.”

लाइल पुन्हा परीक्षेला बसला नाही. मैत्री तुटली नाही. शिकार, पत्ते सगळे चालू होते. ऑरिनच्या शेजारी बसून तो हेच विमान उत्तम उडवी, पण एकट्याच्या जबाबदारीवर कधी कोणाला घेऊन गेला नाही. परीक्षेचा विषय निघाला की म्हणे, “सरकारी कागदानं पंख फुटत नाहीत.” ऑरिन म्हणे, “पंख तुला आहेतच रे. नियम मागे बसलेल्यासाठी असतो. त्याला पुढचं काही दिसत नाही, काय विचारावं तेही कळत नाही. म्हणून त्याच्या वतीनं कुणीतरी आधीच विचारून ठेवलेलं असतं.”

माझ्या मते ऑरिनचे बरोबर होते. त्या वेळी माझे खरे वजन किती होते, हे येथे नमूद करणे आवश्यक नाही.

४. ऑरिनची राख पिठाच्या डब्याशेजारी फळीवर आहे. जाण्याआधी तो म्हणाला होता, “मला वरच्या तळ्यावर लाइलनंच न्यायचं. पास झाल्यावर.” मी विचारले, नाही झाला तर? “तर थांबतो. मला आता काय काम आहे?”

लाइल त्या फळीसमोर टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, “मेल्यावरही अडून बसलाय, वहिनी.” मग त्याने असाही मुद्दा काढला की राख हे सामान आहे, प्रवासी नव्हे, म्हणून परवाना लागत नाही. हा मुद्दा मी फेटाळत आहे. ऑरिन प्रवासी आहे.

सबब, माझ्या पश्चात विमान लाइल टॅन्सी यांना मिळावे. मात्र त्यांनी मार्था एव्हन यांच्यासमोर सर्व निकषांवर उत्तीर्ण व्हावे आणि पहिला प्रवासी म्हणून ऑरिनला न्यावे. वय, मैत्री किंवा माझा मृत्यू या कारणांनी मार्था यांनी सवलत देऊ नये. तसे न घडल्यास विमान विकावे आणि सिग्नेने वडिलांना बोटीने न्यावे. ते त्याला आवडणार नाही.

५. माझ्या हयातीतच लाइल उत्तीर्ण झाल्यास विमान त्याच दिवशी त्यांचे, आणि वरील दोन कलमे रद्द. मला मरायची घाई नाही. ती कलमे रद्द व्हावीत म्हणूनच हे लिहायला बसले. मसुदा लाइलला दाखवला. त्याने तो दोनदा वाचला.

“मार्था फार कडक आहे का गं?”

“ऑरिनपेक्षा.”

त्याने मसुद्याची घडी घालून तो मला परत दिला. “मंगळवारी येतो म्हणून सांग तिला.”

तरी साक्षीदारांनी सह्या करताना कलम तीन व चार मंगळवारपर्यंत लागू आहेत, असे समजावे.

सही: व्हर्ना हॅल्व्हरसन

साक्षीदार:
बर्निस कोल्टर, पोस्टमास्तर
हॉलिस टेगार्ट, विमानांना इंधन भरणारे (मंगळवारी टाकी भरून ठेवतो.)

टर्न लेक, गुरुवार, २८ मे २००९