मार्सेलाशेजारची जागा

मी, एल्डन जोसेफ हवलिक, धंदा शेती, अविवाहित, राहणार ब्लू प्रेअरी, नेब्रास्का, लिहून ठेवतो की माझं हृदय थकलं असलं तरी डोकं शाबूत आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. माझ्यावर दबाव आणणं कोणाला जमलं असतं, तर तिसरं कलम लिहायची वेळच आली नसती.

१. शेत, घर आणि ट्रॅक्टर भाचा कर्टिस याला. ट्रॅक्टर थंडीत रुसतो. त्याला शिव्या न देता थोडा वेळ द्यावा.

२. लांब शिडी शेजारी लायल याला. ती त्याच्याकडेच आहे. मागून मागून माझी जीभ झिजली. आता सुखानं वापरावी.

३. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात अगदी वरच्या रांगेतल्या दोन लगतच्या जागा वडिलांनी माझ्या नावावर केल्या. त्यांतली एक माझी थोरली बहीण मार्सेला हिला कायमची. ती तिथे लहानपणापासून बसते, फक्त कागद माझ्या नावाचा आहे.

दुसऱ्या जागेबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

बॉल छातीशी कवटाळावा, समोरच्या संघाच्या भिंतीला धडकावं, चार पावलं मिळवावीत आणि उठून पुन्हा धडकावं, हा माझ्या मते फुटबॉल. मार्सेलाला बॉल लांब फेकलेला, आभाळात हवा. खसखस भरलेले कोलाचे, म्हणजे आमचे गोड पाव, खाता खाता आम्ही भांडायचो.

"अरे, हा खेळ आहे की नांगरणी?"

"नांगरल्याशिवाय पिकतं का?"

पुढच्या रांगेतले लोक आमचं भांडण ऐकायला लवकर येऊन बसायचे.

मग कॉलेजनं पोरांकडून फेकाफेक करून घेणारा प्रशिक्षक आणला. एका सामन्यात आमच्या पोरानं लांब फेकलेला बॉल विरुद्ध संघानं झेलला, तशी मी उठलो. "हे थांबेपर्यंत मी इथे पाऊल ठेवणार नाही!"

"बस खाली. तमाशा करू नकोस," मार्सेला म्हणाली.

मी बसलो नाही. शब्द पाळला आणि वर्षानुवर्षं शनिवारी कोठारात रेडिओ ऐकला. सामना संपला की तिचा फोन यायचा. "तुझ्या जागेवर माझा कोट ठेवला होता. कोटाशी भांडायला मजा येत नाही रे."

यंदा प्रशिक्षक बदलला. पोरं पुन्हा बॉल कवटाळून धडका देतात. दात होते तेव्हा चणे नव्हते. आता चणे आले, तर डॉक्टरांनी पायऱ्या चढायला बंदी केली आहे. मार्सेलाला हा खेळ पाहून जांभया येतात, तरी ती जाते. "तुझ्यासाठी बघते, गाढवा," म्हणाली. ते ऐकल्यापासून मला फार वाईट वाटतं. तिच्याशेजारी बसायचे इतके शनिवार मी हट्टापायी घालवले, आणि ते काही मृत्युपत्रानं परत देता येत नाहीत.

म्हणून माझी जागा ड्वेन पोकोर्नी, न्हावी, याला. मार्सेलाला तो आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तो माझ्या मताचा आहे आणि गप्प बसणं त्याला येत नाही. त्यानं प्रत्येक सामन्याला यावं, तिच्याशी मनापासून भांडावं, आणि कितीही राग आला तरी सामना संपेपर्यंत जागेवरून उठू नये.

याला एक अपवाद. आपल्या पोरांनी बॉल खरोखर लांब फेकला, तर ड्वेननं माझ्या वतीनं उभं राहून टाळ्या वाजवाव्यात, कोणी झेलला नाही तरी. त्या टाळ्या कोणाच्या, हे मार्सेलाला सांगावं लागणार नाही.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

एल्डन जो. हवलिक
ब्लू प्रेअरी, १४ नोव्हेंबर

साक्षीदार:
नोरीन श्लिश्ट, परिचारिका
विल्बर क्रूस, टपालवाला
(दोघांनाही फेकाफेकच आवडते. माझ्या बाजूनं पक्षपात झाल्याचा संशय नको.)