आईची काळपट भाकरी

१२ मे १९८४, रत्नागिरी

आईचं तेरावं झालं, म्हणून आज पिठाची गिरण मीच उघडली. दादाला ती विकून मुंबईला परतायचंय. नाचणीच्या दळणानंतर शेजारच्या काकूंचे तांदूळ आले. मी आधी घरचे मूठभर तांदूळ गिरणीत सोडले. नकळत की मुद्दाम? आई असंच करायची, दुसरीच्या पिठात नाचणी जाऊ नये म्हणून. ते मिसळलेलं पीठ आमच्या घरी यायचं. लहानपणी मी चिडायचे, आपलीच भाकरी काळपट का?

संध्याकाळी त्याच पिठाच्या भाकऱ्या केल्या. दादा पहिल्याच घासाला थांबला.

"आईचीच भाकरी ही गो!"

त्याने आणखी एक भाकरी मागून घेतली. मग म्हणाला, "घेणाऱ्याला उद्या सांगतो, गिरण विकायची नाय."

म्हणजे उद्याही आमची भाकरी काळपटच.