पोटाशी न मिटणारं चिलखत

१२ जानेवारी
ठरलं. एकवीस एप्रिलला रोमचा वाढदिवस, आणि यंदा मिरवणुकीत आपल्या हौशी रोमन पलटणीच्या पहिल्या रांगेत मी. इतकी वर्षं नुसता अंगरखा घालून मागे पखाल वाहिली, बास झालं. पत्र्यांचं चिलखत स्वतः बनवणार. बायकोने, ऑर्नेलाने, माप घेतलं. श्वास सोड म्हणत होती. बायकांना सैन्यातलं काय कळतं? शिपाई छाती काढूनच उभा असतो.

३ फेब्रुवारी
पत्रे वाकवले, रिव्हेट मारले. फर्स्ट क्लास. पोटावरच्या पट्ट्या समोर मिटत नाहीत, चार बोटं फट राहते. थंडीत पत्रा आकसतो. एप्रिलपर्यंत बसेल.

२० फेब्रुवारी
डाएट चालू. पास्ता बंद.
संध्याकाळी: ऑर्नेलाने कार्बोनारा पास्ता केला. अन्नाला नाही म्हणू नये.

१० मार्च
सेत्तिमियो येऊन गेला. एरवी बस चालवतो, पलटणीत आमचा सेंच्युरियन, म्हणजे नायक. विचारलं, माप घेताना आतलं जाड जाकीट घातलं होतंस ना? नव्हतं घातलं. मला वाटायचं ते थंडीसाठी असतं. त्याच्याशिवाय खांद्याचे पत्रे हाडात रुततात म्हणे. ठाऊक आहे, म्हटलं. तो गेल्यावर जाकीट घालून बघितलं. फट आता वीतभर.

ईस्टर
कोकराचं मटण. सणाचं खाल्लेलं अंगाला लागत नाही.

१४ एप्रिल
तपासणी. नियम सगळ्यांना एकच: बस, ऊठ, दोन्ही हात वर, ढाल उचल. पट्ट्या मिटवायला दोघांनी दोन बाजूंनी रेटलं. बसलो तर छातीचा पत्रा हनुवटीवर आला. हात खांद्याच्या वर जाईनात. ऊठ म्हणाले, तेही जमेना. काय करावं माणसाने? पालथ्या कासवासारखा पडून राहिलो.
सेत्तिमियो जवळ बसून हळूच म्हणाला, "ग्वाल्तिएरो, चिलखत झकास झालंय रे. फक्त तुझं नाही झालं."
परत येताना बसमध्ये डोळ्यांतून पाणी आलं. गवताच्या परागांची ॲलर्जी असावी.

१७ एप्रिल
सेत्तिमियोचा फोन. मिरवणुकीत एक कैदी हवाय, पकडून आणलेला रानटी सरदार. ढगळ विजार, वर उघडं अंग. विचार करून सांगतो म्हणालो. त्याने फोन ठेवायच्या आत हो म्हटलं. कैदी पहिल्या रांगेच्याही पुढे चालतो. म्हणजे बढतीच.

२१ एप्रिल
गर्दी तुफान. माझ्या पोटाचे पुष्कळ फोटो निघाले. पण खरी वाहवा माझी दोरी धरणाऱ्या शिपायाच्या चिलखताची. खांद्यावर चपखल, समोर फट नाही, वाकलं तरी कुठे रुतत नाही. एका जर्मन गृहस्थाने थांबवून विचारलंच, कोणी बनवलं?
मी तोंड उघडलं. दोरीला हिसका बसला.
"कैदी बोलत नसतात," ऑर्नेला म्हणाली.