हिडिंबेचा नववा अध्याय

मोहाडी,
६ नोव्हेंबर २०२४

चि. मोनिकास,

बाबांचे आशीर्वाद. माझ्या नातवाच्या, कुंदनच्या पाठीवरून माझा हात फिरव.

सकाळपासून मागावरच्या धोट्याचा आवाज कानात आहे. खटक खट, खटक खट. तू जवळ पोत्यावर बसून त्या ठेक्यावर शाळेची कविता म्हणायचीस. धागा तुटून माग थांबला की तूही ओळीच्या मध्येच थांबायचीस. "बाबा, जोडा ना लवकर, माही कविता अडकली." माग कधीच मोडीत गेला. कविता तेवढ्या राहिल्या.

इकडे सगळं ठीक. धान कापणीला आलं आहे. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, तरी मंडईच्या जत्रेला येणाऱ्या पाहुण्यांसाठी चकल्या तळणं थांबत नाही. भाऊबीजेला तू आली नाहीस. तुझा भाऊ संध्याकाळपर्यंत आंघोळ करून बसला होता.

फोनवर म्हणालीस, "बाबा, हिडिंबेचा तो अध्याय राहू द्या," आणि ठेवून दिलास. मला फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहितो. मी वाचणार आहे.

मंडईत दंडारीचा नाच-सोंगांचा खेळ उभा राहण्याआधी मंडपात पोथी वाचायची आपल्या गावची रीत. या रविवारच्या मंडईसाठी मंडळाच्या बाबूलालने माझी कादंबरी मागून नेली. वर हिडिंबेचं नाव दिसलं, पुराणातली गोष्ट आहे, एवढं त्याला पुरलं. न वाचताच पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला नववा अध्याय वाचून दाखवला. आला तणतणत.

"दादाजी, हे पोथी नोहोय! हे त आमच्या भुपेंद्रवरचं गाऱ्हानं होय."

"यात भुपेंद्र कुठं आहे? भीम आहे."

"भीमानं बायको सोडली, असं लिवाचं काहून?"

"पुराणातच आहे रे. पोरगा झाला अन् तो निघून गेला. मी फक्त तिला विचारलं, बाई, तुला कसं वाटलं?"

"उचला थे पुस्तक!"

"पूजा तू केली. पूजलेली पोथी न वाचता कोणी उठवते का? उठव तुझ्या हातानं."

काकाच तो आपल्या जावयाचा, भुपेंद्रचा, पण हात काही पुढे आला नाही. पुस्तक अजून पाटावर आहे. बायका येता-जाता नमस्कार करतात.

लोक म्हणतात, म्हातारा लेकीची अब्रू चव्हाट्यावर मांडून राहिला. तूही तेच म्हणालीस, फक्त हळू आवाजात. पोरी, एवढी वर्षं आपण काय केलं? "जावई नागपूरला कामाला आहेत," असं सांगत राहिलो. त्याने तिथे दुसरा संसार मांडला हे साऱ्या गावाला ठाऊक. तू साकोलीच्या औषधाच्या दुकानात दिवसभर उभी राहून लेकरू वाढवतेस आणि गावात येताना तोंड लपवतेस. तो दर मंडईला पहिल्या रांगेत बसून पान खातो. हे मला कुठल्याच कवितेत बसवता येत नाही.

माझी हिडिंबा रडत नाही. भीमाला जंगलाच्या वेशीपर्यंत पोचवते, आणि परतताना पोराला खांद्यावर घेऊन झाडांची नावं शिकवते. मोह, तेंदू, येन. एवढंच आहे त्या अध्यायात. यात लाज कोणाची, तूच सांग. रविवारी वाचीन. मंडप नाही मिळाला तर रस्त्यावर वाचीन. तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, पण ते दडवण्यासाठी एक ओळही गाळणार नाही.

थांब, दार वाजतंय.

तुझी सासू आली आहे. शकुनबाई. एकटीच. तू सासर सोडल्यापासून या उंबऱ्याला तिचे पाय लागले नव्हते. वाटलं, पुतण्यासाठी बाबूलालनेच भांडायला पाठवली. तुझी आई पदर खोचून उभी राहिली. विहीण दारातूनच मला म्हणाली,

"इवाई, तो भीम गेला तवा त्याची माय तठीच होती ना?"

"होती."

"का म्हनली थे?"

"काही नाही. गप्प राहिली."

"थे लिवलं का तुमी?"

"नाही."

"मंग लिवा. रविवारी मी समोर बसून आयकीन."

ती अजून ओसरीवर आहे. आईने पाणी दिलं आहे. पत्र इथेच आवरतो, मला अध्याय वाढवायचा आहे.

रविवारी वाचणारा,
तुझा बाप
दादाजी