बदल सेव्ह करायचे का?

ठमाबाई,

कॉम्प्युटर लावण्याआधी हे वाच, आणि खाली बसून वाच. मुख्याध्यापक बाईंच्या आजच्या निरोप समारंभासाठी केलेली तुझी फिल्म गेली. मांजराने वायर ओढली, विजेचा लोळ खिडकीतून आत आला, असं दोनदा लिहून खोडलं. आपल्याकडे मांजर नाही.

खरं असं झालं: तू बाईंचे राहिलेले फोटो आणायला गेलीस आणि मी फिल्म बघायला बसलो. माझ्या हातून एक तुकडा सरकला. घाबरून बंद करायला गेलो, तर कॉम्प्युटरने विचारलं, ‘बदल सेव्ह करायचे का?’ मला वाटलं, माझ्याबद्दल विचारतोय! म्हाताऱ्याने नको तिथे बोट घातलं, ते कशाला ठेवायचं? म्हणून ‘नाही’ दाबलं. आयुष्यात एकदा प्रामाणिक उत्तर दिलं आणि तुझं सकाळपासूनचं काम पुसलं. फुकटातलं सॉफ्टवेअर ते, आपणहून काही जपत नाही. मूळ क्लिप मात्र जागेवर आहेत, तीनदा बघितल्या.

घरात पाय ठरत नाही, म्हणून आत्ताच सभागृहाकडे निघालोय. फिल्म सहाला होती ना? आयोजकांना फोन करून सांगितलंय की मी बाईंचा बालमित्र, फिल्मच्या आधी मी बोलणार. बाईंना मी अजून पाहिलेलंसुद्धा नाही. साडेसातपर्यंत सहज खेचतो, तेवढ्यात तू फिल्म पुन्हा जोड. तोवर माझ्या भाषणात बाई चौथीतच राहतील. तू पेन ड्राइव्ह घेऊन दारात दिसलीस, की त्यांना भराभर मोठं करून निवृत्त करतो.

आजोबा